पाहुण्यांसमोर उधळणारी सांडणी

“खाली बसा!” आई ओरडली तेव्हा अनुयाने आधी ध्रुवला खाली पाडलं आणि मग ती त्याच्यावर पडली. धाकट्या भावाला पाडायचा तिचा हात चांगलाच बसलेला होता, पण आज पहिल्यांदाच त्याला सबळ कारण होतं. मैदानाच्या मधोमध धडाड् असा आवाज झाला आणि डोक्यावरून काहीतरी शीळ घालत गेलं. मागे पाण्याचा टँकर उभा होता, त्याच्या पत्र्याला पंज्याएवढं भोक पडून धार लागली.

अनुयाने मान वर केली तेव्हा सांडणी पेटली होती. शामियान्यातले लष्करी पाहुणे खुर्च्यांमागे दडले होते. आणि पहारेकरी किशनसिंग मांडी दाबून वाळूत लोळत ओरडत होता. त्याच्या बोटांच्या फटीतून रक्त वाहत होतं. फुटलेल्या चाकाचा एक तुकडा टँकरमध्ये गेला होता, दुसरा त्याच्या मांडीत.

सांडणी म्हणजे उंटीण नव्हे बरं का. सांडणी म्हणजे चालक नसलेली गाडी. रणगाड्यासारखे पट्टे, वर सामान ठेवायला सपाट पाठ, आणि पोटात कडेवर घेता येईल एवढंसं इंजिन. वाळवंटात जवानांचं ओझं वाहायचं, आणि दूर बसलेल्या माणसाने तिला रिमोटवर हाकायचं. गाड्या बनवणारे पुष्कळ असतात, पण इतकं लहान, इतकं हलकं आणि तरीही लष्कराच्या ट्रकमधलंच डिझेल पिणारं इंजिन बनवता बनवता भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. ते बनवलं होतं अनुयाच्या आईने, विभाने. इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा निलयमामाची, म्हणजे आईच्या धाकट्या भावाची. आणि जयपूरबाहेर, बस्सीच्या पुढची ही शेड, हे मैदान, हा सगळा पसारा कर्नल रंगनाथ घोरपड्यांचा. निवृत्त झाल्यावर कोल्हापूरला परत न जाता ते इथेच जयपुरात, विद्याधर नगरात राहिले आणि होतं नव्हतं ते या इंजिनात घालून बसले.

रोज सांडणी गरीब गाईसारखी चालायची. पण उन्हाळ्यात पाहुण्यांसमोर ती पहिल्यांदा उधळली होती. रेस वाढत गेली, कमी होईना, आणि शेवटी इंजिनाचं जड चाक, फ्लायव्हील, फुटलं. तेव्हा कुणाला लागलं नव्हतं. आज दिवाळीच्या तोंडावर पुन्हा पाहुणे आले, पुन्हा तेच झालं, आणि आज माणूस रक्तात पडला होता.

रिमोट निलयमामाच्या हातात होता. कर्नलकाका त्याच्याकडे चालत गेले. धावत नव्हे, चालत.

“रोज नीट चालते. पाहुणे आले की तुझ्या हातात फुटते,” ते म्हणाले. “हैदराबादच्या कंपनीनं तुला बोलावलंय, हे मला काल कळलं. माझं इंजिन बुडवायचे किती कबूल केलेत रे त्यांनी?”

मामाने नोकरीचं बोलावणं घरात सगळ्यांना सांगितलं होतं, फक्त कर्नलकाकांना सांगायचं धाडस त्याला झालं नव्हतं. तो काही बोलणार एवढ्यात कर्नलकाकांचा हात उठला. थप्पड इतकी जोरात होती की मामाचा चष्मा उडून वाळूत पडला. आणि साहेबांनीच हात उगारला म्हटल्यावर बाकीच्यांना काय, परवानाच मिळाला. बलवीर हा पहारेकऱ्यांचा नाईक. किशनसिंग त्याच्या गावचा. त्याने पट्टा काढला. तिघांनी मामाला खाली पाडून बुटांनी आणि पट्ट्यांनी असं तुडवलं की शेवटी आईने त्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं तेव्हाच ते थांबले. एक पट्टा आईच्या पाठीवरही बसला.

अनुया हे सगळं पाहत होती. कर्नलकाकांच्या मांडीवर बसून ती लहानपणी रणगाड्यांच्या गोष्टी ऐकायची. तोच माणूस आज मामाला मार पडत असताना पाठमोरा उभा होता.

प्रताप नगरच्या घरात ती दिवाळी मुकाट गेली. मामाच्या ओठाला टाके होते, बरगडीला तडा होता. चकली त्याला चावता येत नव्हती आणि हसलं की टाके ताणले जायचे. त्यामुळे ध्रुवला विनोद करायला बंदी होती. त्याच्यासारख्या पोराला ही शिक्षाच. बाबा विमा कंपनीत अधिकारी, ते तपासणीसाठी कोट्याला अडकलेले. आई रात्रंदिवस शिल्लक असलेल्या दुसऱ्या सांडणीचं इंजिन खोलून पुन्हा जोडत होती, आणि तिला काहीच सापडत नव्हतं. जळक्या सांडणीला, ती पुरावा म्हणून, कर्नलकाका कुणाला हात लावू देत नव्हते.

भाऊबीज झाली की पाहुणे शेवटची चाचणी बघायला दिल्लीहून परत येणार होते. कर्नलकाकांनी ठरवून टाकलं होतं. या वेळी रिमोट विभाच्या हातात आणि निलय शेडजवळच्या खोलीत कुलपात. सांडणी नीट चालली तर गुन्हा निलयचा, त्याला तिथूनच पोलिसांत देणार. अनुयाने विचारलं, आणि बिघडली तर? आई म्हणाली, तर म्हणतील त्याने आधीच काहीतरी करून ठेवलं होतं.

“म्हणजे चांगली चालली तरी मामा चोर आणि उधळली तरी मामाच चोर?”

आई पुन्हा इंजिनावर वाकली. अनुयाच्या अंगाची लाही लाही झाली.

चाचणीच्या दिवशी कर्नलकाकांची जीप भल्या सकाळी येऊन आईला आणि मामाला घेऊन गेली. जीपमध्ये मामाच्या शेजारी बलवीर बसला होता. मुलांनी घरी राहावं असं आईचं म्हणणं होतं, पण अनुया हटूनच बसली. शेवटी शेडपर्यंत यायची परवानगी मिळाली, मैदानात मात्र पाऊल टाकायचं नाही. त्यांना सोडायला समोरच्या गल्लीतल्या अमेयचे बाबा तयार झाले. ते बँकेत, त्यांना दौशाच्या शाखेत जायचंच होतं, आणि बस्सी वाटेवरच. शिवाय धनत्रयोदशीला त्यांनी नवी गाडी घेतली होती, ती कुणाला तरी दाखवायची होतीच.

अमेय अनुयाच्याच वर्गातला. जन्मापासून जयपुरात, त्यामुळे त्याचं मराठी अर्धं हिंदीतून यायचं, आणि ते सुधारायचा तो बिलकुल प्रयत्न करत नसे.

“एक बात सोच,” गाडी आग्रा रोडला लागल्यावर तो हळूच म्हणाला. “रोज ठीक चालते. मेहमान आले की पागल होते. मतलब, मेहमान आल्यावर असं काय होतं जे रोज नाही होत?”

ध्रुवचं मत होतं की सांडणी लाजते. पाहुण्यांसमोर कविता म्हणायला लावलं की त्याचंही असंच होतं, आधी खूप वेगाने म्हणतो आणि मग फुटतो. अमेयला हसू आवरेना. अनुया मात्र बोटं मोडत एकेक आठवत होती. पाहुणे आले की शामियाना लागतो. कचोऱ्या येतात. कर्नलकाका कोट घालतात. मोबाइल पेटीत बंद होतात. यातलं काहीही इंजिनाला शिवत नाही.

तेवढ्यात तिची नजर पुढे गेली. अमेयच्या बाबांच्या हाताशी, स्टिअरिंगला, लाल-पिवळा धागा गुंडाळलेला होता.

“काका, ही मौली कुणी बांधली?”

ते हसले. नवी गाडी घेतली की जयपुरात आधी मोती डुंगरीच्या गणपतीला न्यायची, पुजारी स्टिअरिंगला मौली बांधतो आणि मगच ती आपली होते, म्हणाले. इथे सगळेच करतात. आता आपणही इथलेच की.

अनुया ताठ बसली. कर्नलकाकाही करायचे! पाहुण्यांच्या चाचणीआधी ते पूजेचं ताट घेऊन एकटेच सांडणीपाशी जात. तुकडीचा प्रमुख शेवटी, आणि त्याच्यानंतर कुणी हात लावायचा नाही, ही त्यांची जुनी शिस्त. बाकी सगळे लांब आपापल्या जागी. देवाचं काम, त्यात पाहण्यासारखं काय म्हणून कुणी लक्षही देत नसे.

“अमेय, सांडणीला चालक नाही.”

“पता है.”

“मग तिला स्टिअरिंगही नाही. हँडल नाही, आरसा नाही, काहीच नाही. मग कर्नलकाका मौली बांधतात कुठे?”

अमेयच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ध्रुवसुद्धा गप्प बसला, आणि हे सहसा घडत नाही.

शेडजवळ उतरल्याबरोबर तिघे मागच्या बाजूला पळाले. तिथे ताडपत्रीखाली जळकी सांडणी पडली होती. ताडपत्री उचलताच करपलेल्या रबराचा वास नाकात घुसला. फुटलेल्या चाकाची उरलेली धार सुऱ्यासारखी बाहेर आली होती. बाजूला पडलेल्या सुट्या पत्र्यावर काळपट डाग होते. ते तेलाचे नव्हते. किशनसिंगला याच पत्र्यावर निजवून शेडपर्यंत आणलं होतं. अनुयाने तिकडे बघायचं टाळलं.

इंजिनाचा वरचा भाग तिने घरी आईच्या टेबलावर पुष्कळदा पाहिला होता. मौली बांधायला बारीक, लांबट आणि हात न भाजणारी जागा हवी. इंजिनावर अशी एकच होती. रेस कमी-जास्त करणारी सळई, जी एका पितळी नळीतून सरकत आत जायची. ती आता अर्धी आत जाऊन घट्ट रुतून बसली होती. तिघांनी मिळून ओढली तरी हलेना.

“नळीच्या तोंडात काहीतरी आहे,” ध्रुव म्हणाला. त्याची बोटं सगळ्यांत बारीक. अनुयाने केसातला आकडा काढून त्याला दिला. त्याने जीभ बाहेर काढून बराच वेळ उकरल्यावर एक काळा गोळा बाहेर आला, गुळाच्या खड्यासारखा टणक. अनुयाने तो ओढणीवर घासला. एका टोकाला जळायचा राहिलेला धागा होता. लाल, आणि त्यात पिवळा.

“क्या कर रहे हो यहाँ?”

बलवीर केव्हा मागे येऊन उभा राहिला ते कळलंच नाही. पुरावा नष्ट करायला मामाने पोरांना पाठवलं, असंच त्याला वाटलं असणार. त्याने अमेयचा हात पाठीमागे असा पिरगाळला की अमेय गुडघ्यावर आला. अनुयाने गोळा चटकन तोंडात टाकला. करपट तेलाची चव घशात उतरली आणि तिला मळमळलं, पण तिने दात उघडले नाहीत. मुठी उघड म्हणून बलवीरने तिच्या कानाखाली वाजवली. कानात गुंई आवाज सुरू झाला. तेव्हा ध्रुवने जे केलं त्याचं घरात पुढे फार दिवस कौतुक झालं. तो बलवीरच्या पोटरीला चावला. साधासुधा नाही, रक्त येईपर्यंत. बलवीरने पाय झाडला तसा तो भंगारावर जाऊन आपटला आणि त्याच्या कपाळाला खोक पडली.

बलवीरने तिघांना फरपटत नेलं आणि निलयमामाच्याच खोलीत ढकलून बाहेरून कुलूप घातलं.

मामा खाटेवर बरगडी धरून बसला होता. ध्रुवच्या कपाळावरचं रक्त पाहून तो उठायला गेला आणि कळवळून पुन्हा बसला. अनुयाने तोंडातला गोळा काढून त्याच्या हातावर ठेवला, चारदा थुंकली, आणि एका दमात सगळं सांगितलं.

मामाने तो धागा उजेडात धरला. त्याचा चेहरा पांढरा पडला.

“सळईवर बांधली,” तो पुटपुटला. “इंजिन थरथरतं, तेलाने धागा निसरडा होतो, सरकत सरकत नळीच्या तोंडात जातो आणि पाचर बसते. रेस वाढवली की आत, आणि मग परत येत नाही. अनू, आज रिमोट ताईच्या हातात आहे.”

“आई बंद करेल ना पण?”

मामाने मान हलवली. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, ती तोडली की काम झालं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. ते बंद करायचं म्हणजे याच सळईने डिझेल तोडायचं. सळईच अडकली तर रिमोटवरचं बंद करायचं बटण आणि खेळण्यातलं बटण सारखंच.

“मग ते थांबतं कसं?”

“श्वास कोंडला तर. पाठीवर मागच्या बाजूला हवा आत घेणारा काळा नळा आहे, पेल्याच्या तोंडाएवढा. तो बंद केला की मरतं. पण कापड नाही चालणार, आत ओढलं जाईल. काहीतरी सपाट आणि कडक हवं.” मग तो एकदम थांबला. “तू नाही जायचं. तू फक्त पूजेआधी पोचून ताईला सांगायचं. कळलं?”

वर एक छोटा झरोका होता. मामा तडा गेलेल्या बरगडीने चढू शकत नव्हता. अमेयचा हात सुजला होता, तरी तो भिंतीला टेकून उभा राहिला. अनुया त्याच्या खांद्यावर चढली आणि चपलेने काच फोडली. बाहेर पडताना राहिलेल्या काचेने तिचा दंड कोपरापर्यंत चिरला. खाली उडी मारली तेव्हा दुखलंही नाही. दुखायला वेळच नव्हता.

तिने मैदानाकडे धूम ठोकली. अर्ध्या वाटेवर असतानाच इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. पूजा झाली होती.

सांडणी मात्र किती देखणी चालली होती! वाळूच्या उंचवट्यावर सरसर चढली, पाठीवरच्या पोत्यांसकट अलगद उतरली, जागच्या जागी वळली. पाहुणे टाळ्या वाजवत होते. शामियान्याच्या कडेला टेबलामागे आई रिमोट घेऊन उभी होती आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला होता. अनुया जीव तोडून ओरडत होती, पण त्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार.

मग आईने पोत्यांसह शेवटची चढण चढायला रेस पूर्ण वाढवली. सांडणी चढली. आईने रेस कमी केली.

सांडणीची रेस कमी झाली नाही.

आवाज चढत गेला. आईचा अंगठा रिमोटवर पुन्हा पुन्हा आपटताना अनुयाला दिसला. आईने सांडणीला मोकळ्या रानाकडे वळवलं, पण त्या वेगात पट्टे वाळूत घसरले. ती गर्रकन फिरली आणि थेट शामियान्याकडे सुटली. पोती उडून पडली. खुर्च्या उलटल्या. एका पाहुण्याचा पाय दोरीत अडकला, त्याला दुसऱ्याने कॉलर धरून ओढलं. आई सगळ्यांना दूर पळायला सांगत होती, स्वतः मात्र टेबलापासून हलत नव्हती.

कर्नलकाकाही हलले नाहीत. ते तसे भेकड कधीच नव्हते, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायलाच हवं. शामियान्याचा एक बांबू उपसून ते सांडणीच्या वाटेत उभे राहिले आणि ती अंगावर येताच त्यांनी तो पट्ट्यात खुपसला. बांबूच्या चिंधड्या झाल्या. एक ढलपी त्यांच्या खांद्यात घुसली आणि सांडणीने त्यांना धडक देऊन आडवं केलं. शामियान्याचा मधला लोखंडी खांब कडाडून त्यांच्या पायावर कोसळला, त्यावर सांडणी चढली आणि तिथेच नाक वर करून अडकली. तिचे पट्टे खांबावर घासत ठिणग्या उडवत होते आणि खांब कर्नलकाकांचा पाय वाळूत दाबत होता. हाड मोडल्याचा आवाज अनुयाला इंजिनाच्या किंकाळीतूनही ऐकू आला. निदान तिला तसं वाटलं.

“चाक फुटेल! लांब व्हा!” आई ओरडली आणि स्वतः मात्र सांडणीकडे पळाली. पण ती टेबलाच्या पलीकडे होती, मध्ये सगळं कापड आणि दोऱ्यांचा गुंता.

अनुया जवळ होती. मामाने काय बजावलं होतं ते तिला आठवत होतं, आणि ते आपण ऐकणार नाही हेही तिला त्या क्षणी ठाऊक होतं. पायाशी कचोऱ्यांचं मोठं स्टीलचं ताट उपडं पडलं होतं. तिने ते उचललं आणि ती सांडणीच्या मागच्या बाजूने वर चढली. सगळं अंग हादरत होतं, दात एकमेकांवर आपटत होते. डावा हात धूर सोडणाऱ्या तापल्या नळीला टेकला आणि चामडी चरचरली. तिने किंकाळी फोडली. पण ताट सोडलं नाही. काळा नळा दिसला, घशासारखा आ वासून हवा ओढणारा. तिने त्यावर ताट दाबलं.

ताट चप्पकन चिकटलं. इंजिन ठसकलं. एकदा, दोनदा, एखाद्याचा गळा आवळल्यासारखं. ताटाचा मधला भाग खोलगट होऊन आत ओढला गेला. अनुया त्यावर पालथी पडून राहिली. मग सगळं थरथरून थांबलं.

इतकी शांतता झाली की वाळूत सांडलेला चहा पिणाऱ्या माश्यांचा आवाज यायला लागला.

आईने तिला खाली ओढलं, छातीशी धरलं, आणि मग रागावायला सुरुवात केली. ती रडत होती म्हणून त्यातला एकही शब्द नीट कळला नाही. अनुया मात्र इंजिनाकडे बोट दाखवत राहिली. “आई, सळई बघ. नळीत बघ. आधी बघ.”

आईने वाकून पाहिलं. मग पक्कड घेतली आणि नळीच्या तोंडातून धागा ओढून काढला. तो जळलेला नव्हता. तेलाने माखलेला, पण लालभडक, अगदी सकाळी बांधलेला. गाठ अजून तशीच होती, कर्नलकाकांची ठरलेली, लष्करात शिकलेली गाठ. आईने रिमोटचं बटण दाबलं तशी सळई सुळकन मागे आली.

तोवर लोकांनी खांब उचलून कर्नलकाकांना बाहेर काढलं होतं. पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. वेदनेने ओठ निळे पडले होते, पण शुद्ध होती. आईने काही न बोलता तो धागा त्यांच्यासमोर धरला, आणि अनुयाने सांगितलं. जळक्या सांडणीत काय सापडलं ते, स्टिअरिंग नसलेल्या गाडीचं, खोलीत मामा काय म्हणाला ते. कर्नलकाकांनी सगळं ऐकलं. मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि हेही सहसा घडत नाही.

पाहुण्यांतले सगळ्यांत मोठे अधिकारी, एक ब्रिगेडियर, गुडघ्यावर बसून अनुयाच्या भाजलेल्या हाताला पाण्याची पट्टी लावत होते. ते म्हणाले की एवढे हाल होऊनही इंजिन फुटलं नाही, विभाताईंचं काम उत्तम आहे, आम्ही पुन्हा येऊ. “और ये बच्ची,” ते म्हणाले, “इसके जैसे दो-चार मुझे मेरी पलटन में चाहिए.” अनुयाला अभिमान वाटायला हवा होता. पण तिचं लक्ष शेडकडे होतं.

“बलवीर,” कर्नलकाका म्हणाले. आवाज कसाबसा येत होता. “कुलूप खोल. निलयसाहेबांना इथे आण. हात लावायचा नाही त्यांना. चालू शकत नसतील तर खुर्चीत बसवून आण.”

मामा चालतच आला, एका बाजूला अमेय, दुसऱ्या बाजूला ध्रुव. ध्रुवच्या कपाळावर मामाचा रुमाल बांधलेला. ज्या पहारेकऱ्यांनी त्याला तुडवलं होतं ते वाळूकडे बघत उभे होते. अँब्युलन्सची वाट पाहत कर्नलकाका स्ट्रेचरवर पडले होते. त्यांनी कोपरावर जोर देऊन डोकं उचललं.

“मी तुला चौघांदेखत मारलं,” ते म्हणाले. “म्हणून चौघांदेखत सांगतो. चोर कुणी नव्हता. चूक माझी होती, माझ्या या हातची. किशनसिंगचं रक्तही माझ्याच माथी. निलय, तू मला मार. सगळ्यांसमोर मार, मी हूं का चूं करणार नाही.”

मामाच्या ओठाचे टाके पुन्हा उसवले होते आणि हनुवटीवर रक्ताची बारीक रेघ आली होती. त्याने ती बाहीने पुसली.

“मला आधी कळलं असतं ना काका, की हे तुमच्या हातून झालंय,” तो म्हणाला, “तरी मी तुम्हाला मारलं नसतं. विचारलं असतं.”

कर्नलकाकांनी डोळे मिटले. बंद पापण्यांतून पाणी कानापर्यंत ओघळलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. इतक्या मोठ्या माणसाला रडताना मुलांनी कधी पाहिलं नव्हतं. कुठे बघावं ते त्यांना कळेना. अनुयाला त्यांची दया आली, त्यांचा रागही गेला नव्हता, आणि या दोन्ही गोष्टी एकदम कशा असू शकतात याचं तिला नवल वाटलं.

अँब्युलन्स आली. स्ट्रेचर उचलायला एक माणूस कमी पडत होता. मामाने बरगडीवरचा हात काढला आणि एक दांडा धरला.